बाराव्या खुर्चीवर कोण बसणार?

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्या मंडळीत वचनं वाटली जायची. मंडळी म्हणजे अंबरनाथ पूर्वेला एका बालवाडीच्या हॉलमध्ये दर रविवारी उपासनेला जमणारी आम्ही मोजकी मराठी ख्रिस्ती कुटुंबं. पाळकसाहेब स्टीलच्या ताटात छोटी रंगीत कार्डं उपडी मांडून ठेवायचे. प्रत्येक घरातला एकजण पुढे जाऊन डोळे मिटून एक कार्ड उचलायचा, आणि त्यावर शास्त्रातली जी ओळ छापलेली असेल ती त्या घराची वर्षभराची शिदोरी. मग ते कार्ड फ्रिजवर नाहीतर शोकेसच्या काचेत लागायचं. ही काही लॉटरी नव्हे असं पाळकसाहेब दरवर्षी बजावायचे आणि लोक ती दरवर्षी लॉटरीसारखीच उचलायचे. मंडळीच्या पंचांमध्ये सगळ्यांत ज्येष्ठ असलेल्या थोरातमामांना एकदा दुःख सोसण्याविषयीची ओळ आली होती, तेव्हा "दोन चिकटून आली वाटतं" असं पुटपुटत त्यांनी ते कार्ड परत ठेवून दुसरं उचललं होतं. हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण डोळे मिटून प्रार्थना चालू असल्यामुळे कुणालाच ते पाहिल्याचं कबूल करता येत नव्हतं.

त्या वर्षी बहुतेकांना चांगली कार्डं आली. थोरातमामांना शत्रूंचा नाश होण्याचं आलं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी त्यांचं वाजलेलं असल्यामुळे ते हॉलबाहेर छाती काढून पडले. पाळकीणबाईंना दीर्घायुष्याचं आलं. आमच्या घरातर्फे पप्पा उठले, बराच वेळ ओठ हलवत उभे राहिले आणि त्यांनी एक हिरवं कार्ड उचललं. त्यात आशीर्वाद नव्हताच. तुम्ही देवाची लाडकी लेकरं आहात, तेव्हा देवासारखं वागा, अशा अर्थाची ओळ होती. पप्पांनी ती मम्मीला वाचून दाखवली. मम्मी म्हणाली, "बाकीच्यांना आशीर्वाद आलेत, आपल्याला काम आलंय." आम्ही दोघी हसलो. पप्पा हसले नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पप्पा, म्हणजे शमुवेल साळवे, एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचे. नगरकडचं बोलणं, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि मन अगदी सरळ. वाईट माणूस नव्हता हो माझा बाप. वाईट असता तर हे प्रकरण लिहिणं फार सोपं झालं असतं. त्या दुपारी मटणाचा रस्सा ताटात पडलेला असताना त्यांनी आम्हाला थांबवलं आणि जाहीर केलं की या वर्षी या घरात देवाचं अनुकरण होईल. मी उल्हासनगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, त्या वयात माणसाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. मी विचारलं, "म्हणजे नेमकं काय करायचं?" पप्पा म्हणाले, "देव जे जे करतो ते ते." मम्मीने तेवढ्यात भाकरी मोडून रश्शात बुडवली होती, ती तशीच हातात धरून ती सातव्या दिवसाच्या विश्रांतीबद्दल काहीतरी म्हणाली. तो गुण पप्पांनी लग्नाआधीच अंगी बाणवलेला होता.

सुरुवातीचे आठवडे मजेत गेले. देव मंदक्रोध आहे म्हणून पप्पांनी ओरडणं सोडलं. त्याऐवजी ते आमच्याकडे दुःखी नजरेने पाहायचे, आणि त्या नजरेपेक्षा जुनी आरडाओरड बरी होती, कारण ती पाच मिनिटांत संपायची. देव उदार आहे म्हणून स्टेशनबाहेर बसणाऱ्या म्हाताऱ्याला ते रोज डबा द्यायला लागले. देणारा हात पप्पांचा, डबा मम्मीचा. सकाळी एकाऐवजी दोन डबे भरायचे म्हणजे दीडपट पोळ्या लाटायच्या, आणि म्हाताऱ्याला दात नसल्याने भाजी मऊ शिजवायची. रविवारी साक्ष द्यायची वेळ आली, म्हणजे देवाने आठवडाभरात आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायची, की पप्पा उभे राहून त्या म्हाताऱ्याविषयी बोलायचे. लोक हालेलुया म्हणायचे. मम्मी मागच्या रांगेत बसून डुलक्या काढायची.

मम्मीचं नाव मरिया. शास्त्रात मरिया आणि मार्था या दोन बहिणींची गोष्ट आहे. मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते आणि मार्था स्वयंपाकघरात खपते. माझ्या आजोबांनी लेकीचं नाव मरिया ठेवलं आणि नशिबाने तिला मार्थेची कामं लावली. ती बदलापूरला, कात्रपमधल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नर्स होती. घरातला सगळ्यात पहिला आवाज तिचा असायचा, म्हणजे तिचा नव्हे, नळाचा. आमच्या इमारतीत पाणी पहाटे यायचं आणि उजाडायच्या आत जायचं. पाणी येण्याआधी नळ आधी खोकायचा, मग सू सू करायचा, मग एकदम भडाभडा वाहायचा. तो खोकला ऐकून मम्मी झोपेतून थेट मोरीत उभी असायची. त्या आवाजाने मला आजही जाग येते. मी आता चिखलोलीला नव्या टॉवरमध्ये राहते, इथे टाकी आहे, टँकर आहे, नळ खोकत नाहीत, तरी पहाटे डोळे उघडतात ते उघडतातच.

जानेवारी संपता संपता तळमजल्यावर किशनचंद अंकल राहायला आले. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना होता. माणूस सिंधी, गोरापान, ढेरी सुटलेला, जिन्यात भेटला की "साईं, कैसे हो?" म्हणून खांद्यावर हात टाकणारा. आल्या आल्या त्यांनी फ्लॅटमध्ये मोठी टाकी बसवली आणि पाण्याच्या लाइनला थेट मोटर लावली. दुसऱ्या पहाटे आमचा नळ खोकला, सू सू केलं आणि गप्प बसला. खालून मोटरची घरघर ऐकू येत होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आवारातल्या नळाला तेवढी करंगळीएवढी धार होती. मम्मीने बादल्या उचलल्या आणि ती खाली गेली. मागोमाग हंडा घेऊन मी.

मी त्याच दिवशी किशनअंकलचं दार वाजवणार होते. पप्पांनी मला जिन्यातच अडवलं. "रूथ, आपण भांडायचं नाही. मी त्यांना क्षमा केली आहे."

"अहो पप्पा, आधी सांगा तरी त्यांना."

"देव आपल्याला क्षमा करताना अटी घालतो का?"

मी मम्मीकडे पाहिलं. ती बादली पायरीवर ठेवून दम खात होती. म्हणाली, "त्यांनी क्षमा केलीय ना, मग आता मी खाली जाऊन भांडले तर घराची शोभा होईल. चल, धार जाईल." आणि रविवारी पप्पांनी उभं राहून साक्ष दिली की शेजाऱ्याने पाणी तोडलं तरी साळवे कुटुंबाच्या तोंडून अवाक्षर निघालेलं नाही. पाळकसाहेबांना ती इतकी आवडली की पुढच्या रविवारी त्यांनी उपदेशात तिचा दाखला दिला. मंडळीतल्या बायका मम्मीकडे कौतुकाने बघायला लागल्या आणि तिला आता तक्रार करायचीही सोय उरली नाही.

पप्पा स्वतः पाणी का भरत नव्हते, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडायचा. प्रभू येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थना करायचा, म्हणून पप्पांनीही त्या वर्षी पहाटेची प्रार्थना धरली होती. खाली धार सुरू व्हायची तेव्हा ते गॅलरीत शाल पांघरून गुडघ्यांवर असायचे. माणूस देवाशी बोलत असताना त्याच्या हातात बादली कशी देणार? बादल्यांचा आवाज होऊ नये म्हणून मम्मी त्या पायपुसण्यावर ठेवायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि आज लिहितानाही मला त्याचा संताप येतो.

फेब्रुवारीत तिची कंबर धरायला लागली. तिच्याच नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले, वजन उचलायचं नाही म्हणाले. असंच चाललं तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतरही नर्सची उभ्याची नोकरी होईलच असं नाही. तिने हे मला स्टेशनच्या वाटेवर चालता चालता सांगितलं, पप्पांना नुसतं "कंबर दुखतेय" एवढंच. ती नोकरी तिला फार प्रिय होती. घरात ती कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई होती. कात्रपला ती साळवे सिस्टर होती आणि डॉक्टरसुद्धा तिला विचारून इंजेक्शनची वेळ ठरवायचे. पट्टा बांधून ती पाणी भरत राहिली. मी जास्त खेपा मारायला लागले, पण मला सकाळचं कॉलेज, शिवाय ती माझ्या हातातून हंडा ओढून घ्यायची.

एका पहाटे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती खालीच बसली. उठताच येईना. मी वर जाऊन पप्पांना हलवलं. ते धावत आले, खरंच घाबरले होते. त्यांनी जिन्यातच तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. प्रभू, या तुझ्या लेकराला बळ दे, हिच्या कंबरेला स्पर्श कर. प्रार्थना मनापासून होती. मम्मी भिंत धरून उभी राहिली. पप्पांनी डोळे पुसले, "प्रभूची स्तुती असो" म्हटलं, शाल सावरली आणि ते वर गेले. बादली पायरीवर तशीच होती. ती मी उचलली.

मग आला उत्तम शुक्रवाराचा, म्हणजे गुड फ्रायडेचा आठवडा. गुरुवारी प्रभूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते, तेव्हा त्या संध्याकाळी मंडळी आपल्याकडे बोलवायची आणि आपण बाराजणांचे पाय धुवायचे, असं पप्पांनी ठरवलं. पाळकसाहेब गहिवरले. मम्मी पोळी लाटत होती. ती म्हणाली, "मी कात्रपला रोज लोकांचे पाय पुसते, कधी कुणी गाणं म्हटलं नाही." पप्पांना ते ऐकू आलं नसावं, किंवा देवाप्रमाणेच ते मंदक्रोध असावेत. ते बारा नावं ठरवण्यात गुंतले होते, आणि त्या ठरवण्यावरून मंडळीत जी कुजबुज झाली ती पुढे पंचांच्या निवडणुकीपर्यंत पुरली. प्रत्येकाला बारांत यायचं होतं. नम्रपणे पाय धुवून घेण्याची अशी चढाओढ मी नंतर कुठे पाहिली नाही.

गुरुवारी आमच्या दीड खोलीच्या घरात चाळीसेक माणसं मावली. मम्मीने अर्धी सुट्टी टाकून पुरी-भाजी आणि शिरा केला होता. वेलदोड्याचा, तुपाचा आणि चाळीस माणसांच्या घामाचा एकत्र वास येत होता. भाड्याने आणलेल्या बारा लाल प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीशी मांडलेल्या होत्या. पाय धुवून घ्यायला आलेला प्रत्येकजण घरून पाय धुवून आला होता. थोरातमामांच्या बोटांच्या बेचक्यांत टाल्कम पावडर दिसत होती, पाळकीणबाईंनी नखांना गुलाबी रंग लावला होता. बसायची वेळ आली आणि घोळ झाला. पहिल्या खुर्चीसाठी तिघेजण पुढे झाले, पण शेवटच्या खुर्चीवर कुणी बसेना. बारावा शिष्य म्हणजे यहूदा, ज्याने प्रभूला धरून दिलं. "मी उभाच बरा," असं म्हणत एकेक पंच मागे सरकला. एका मावशींनी आपल्या नवऱ्याला ढकललं तर तो बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. शेवटी पाळकसाहेबांनी तोडगा काढला की अकराजण बसावेत आणि ती खुर्ची प्रतीक म्हणून मोकळी ठेवावी. सगळ्यांना हायसं वाटलं आणि जोरात गाणं सुरू झालं.

पप्पांनी कमरेला टॉवेल गुंडाळला. मम्मीची कणीक मळायची परात घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाले, "अगं, पाणी."

मम्मी म्हणाली, "संपलं."

"संपलं म्हणजे?"

"सकाळी जेवढं वर आणलं तेवढं पुऱ्यांना, भाजीला, लोकांना प्यायला गेलं. एक तांब्या चहाचं आहे. चहा करू की पाय धुणार?"

बाहेर गाण्याचं दुसरं कडवं चालू होतं. मी सवयीने बादली उचलली. मम्मीने माझं मनगट धरलं. इतक्या जोरात तिने मला आयुष्यात कधी धरलं नव्हतं. "तू नाही," ती म्हणाली, आणि पप्पांकडे बघत राहिली. पप्पांनी एकदा बाहेर बसलेल्या अकराजणांच्या पावडर लावलेल्या पायांकडे पाहिलं, एकदा बादलीकडे. मग कमरेला टॉवेल तसाच ठेवून ते बादली घेऊन जिना उतरायला लागले. मी मागोमाग कठड्यापर्यंत गेले.

आवारातल्या नळाला त्या वेळी पाणी कुठलं? त्यांनी किशनअंकलचं दार वाजवलं. अंकल बनियनवर बाहेर आले. पप्पांचं हिंदी आणि पप्पांची क्षमा, दोन्ही एकदमच बाहेर पडलं. "किशनचंदभाई, हमने आपको जनवरी मेंच माफ कर दिया है. अभी थोडा पानी मांगता है."

"माफ? किस बात का माफ, साईं?"

"वो मोटर का."

"मोटर का क्या?"

"आपके मोटर से ऊपर पानी नहीं चढ़ता ना."

किशनअंकलनी कपाळावर हात मारला. "अरे, तो पहले दिन बोलना था ना! प्लंबर बोला, इधर सब लगाते हैं. और भाभी रोज नीचे से पानी ढोती है, वो मेरी वजह से? मेरी घरवाली बोली, इन लोगों का कोई व्रत होगा, बेचारी की मन्नत चल रही है. हम तो सुबह-सुबह हाथ जोड़ते थे उनको!"

इतके दिवस पप्पा ज्याला क्षमा करत होते त्या माणसाला गुन्ह्याचाच पत्ता नव्हता, आणि एक वाक्य बोलायचं राहिलं होतं. अंकलनी आत जाऊन मोटरची वायर काढल्याचं मोठ्याने सांगितलं, टाकीतून पप्पांची बादली काठोकाठ भरली आणि स्वतः दुसरी घेतली. मग ते दोघे वर यायला लागले. पहिल्या मजल्यावर पप्पांनी हात बदलला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी बादली खाली ठेवली, कंबरेवर हात दिला आणि बराच वेळ खाली बघत उभे राहिले. मी वरून त्यांचा श्वास ऐकत होते. मला वाटलं होतं की त्यांची अशी फजिती पाहून मला आनंद होईल. झालाही. पण नंतर मला तिकडे बघवेना, तेही खरंच आहे.

ते घरात शिरले तेव्हा गाण्याची कडवी संपून लोकांनी तेच गाणं पहिल्यापासून धरलं होतं. किशनअंकलनी बादली टेकवली आणि धापा टाकत समोर दिसली त्या एकमेव मोकळ्या खुर्चीवर बसकण मारली. गाणं मध्येच थांबलं. थोरातमामांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी छताकडे. पप्पांनी परातीत पाणी ओतलं आणि ते सरळ त्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसले. अंकल दचकून उठले. "नहीं नहीं, साईं, मेरे नहीं! पानी भाभी ढोती है, उनको बिठाओ." आणि त्यांनी दारात उभ्या असलेल्या मम्मीला हाताने खूण करून, जवळजवळ ओढूनच, त्या बाराव्या खुर्चीवर बसवलं.

पट्टा बांधलेला असल्याने ती ताठ बसली होती. पिठाचे हात पदराला पुसत होती. पप्पांनी तिचा पाय हातात घेतला. पहाटे ओल्या जिन्यावरून अनवाणी चढून चढून तिच्या टाचा पार फुटल्या होत्या, भेगांत काळं बसलं होतं. पावडर नाही, रंग नाही. पप्पांना बोलायचं होतं, त्यांनी आठवडाभर छोटं भाषण पाठ केलं होतं. त्याऐवजी ते रडायला लागले. मागे कुणीतरी हालेलुया म्हणालं, पाळकसाहेबांनी हात वर केले, आणि आता मोठी साक्ष घडणार म्हणून सगळे पुढे सरकले.

मम्मीने पाय मागे घेतला.

"पाय राहू द्या हो," ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, पेशंटला गोळी घ्यायला सांगते तसं. "ते पाणी भांड्यांना लागेल. फक्त उद्यापासून पहाटे तुम्ही उठून पाणी भरा. प्रार्थना त्याच्यानंतर करा. देव थांबतो, नळ थांबत नाही."

पप्पा परातीसमोर मान खाली घालून बसले होते. मग ते हळू म्हणाले, "आमेन."

आणि पुढच्याने आमेन म्हटलं की आपणही म्हणायचं, या जन्माच्या सवयीने अख्खी मंडळी म्हणाली, आमेन. सगळ्यांत मोठ्याने किशनअंकल म्हणाले.